कालवड आणली नव्हती

१

चूक माझ्या बापाची होती. केशवराव मास्तर, आमच्या चर्चचे मुख्य पंच, अख्खं पवित्र शास्त्र तोंडपाठ असलेला माणूस. भगवंतरावांचा त्यात वाटा होता, बाकीच्या पंचांचाही होता, तो सांगणारच आहे. पण ट्रॅक्टरचं स्टेअरिंग बापाच्या हातात होतं, आणि नंतर तो विधी काढायची अक्कलही बापाचीच. आमच्याकडे म्हातारी माणसं चुकली की लोक म्हणतात, जाऊ द्या, वय झालं. मी म्हणणार नाही. वय झालं म्हणून तर जास्त कळायला पाहिजे होतं.

आमची वस्ती अकोल्याहून बार्शीटाकळीकडे जाताना रस्त्याला लागूनच आहे. मधोमध पत्र्याचं चर्च, पुढे फाटक, फाटकाबाहेर कडुनिंब, मागे नाला. नाला म्हणजे नुसती खोलगट जागा. होळीनंतर त्यात काटे आणि प्लास्टिकच वाहतं. अमरावतीचं इंजिनिअरिंग अर्ध्यावर टाकून मी घरी आलो तेव्हा आई वारून बरेच दिवस झाले होते. घरात बाप आणि मी. पाहुणा आला की बाप माझी ओळख करून द्यायचा, ‘हे आमचे अर्धे इंजिनिअर.’ पाहुणे हसायचे. मीही हसायचो, सुरुवातीला.

चर्चची कामं माझ्या अंगावर आली. झाडायचं, कूलर भरायचा, रविवारी उपासना झाली की कापडं धुऊन मागच्या तारेवर टाकायची. मे महिन्यात आमच्याकडे कपडा वाळायला वाट पाहावी लागत नाही. एक टोक चिमट्यात अडकवून दुसऱ्या टोकाशी जावं, तोवर पहिलं कडक झालेलं असतं. पापड वाळतो तसा टॉवेल वाळतो.

मला हे सांगायचं कारण आहे.

२

त्या गुरुवारी दुपारी कडुनिंबाखाली एक माणूस चिरडलेला सापडला. सापडला तौहीदला. तौहीद माझा शाळेपासूनचा दोस्त, पिकअप चालवतो. टरबुजं भरून अकोल्याच्या मार्केटला चालला होता. त्यानं गाडी थांबवली, टरबुजं सारून जागा केली, त्या माणसाला आडवं निजवलं आणि सरकारी दवाखान्यात नेलं. माणूस वाटेतच गेला. तौहीद पळाला नाही. नाव-गाव सांगून तिथंच बाकावर बसून राहिला. पोलीस आले तेव्हा त्याच्या सदऱ्याला रक्त, गाडीला रक्त, बंपरला कधीचा तरी पोचा. ज्यानं उचललं त्याच्याच गळ्यात पडलं.

मेलेल्याचं नाव श्रावण होतं. चिखलदऱ्याकडचा, वीटभट्टीवर कामाला आलेला. सावली पाहून आडवा झाला असणार. नाव नंतर कळलं. तेव्हा वस्तीतलं कोणीच त्याला ओळखत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तौहीदची आई, अनवरी चाची, आमच्या दारात आली. ती आणि माझी आई एकाच मशीनवर ब्लाऊज शिवायच्या. आत ये म्हटलं तर आली नाही.

“मास्तर, तुमचं फाटक समोरच हाय. भर दुपारची गोष्ट. कोणी तं पाह्यलं असंन?”

“झोपेची वेळ होती, भाभी,” बाप म्हणाला. “सगळे झोपले होते.”

“सगळेच?”

“हाव. सगळेच.”

मग ती म्हणाली, “चौथीत तुमीच गोष्ट सांगतली होती ना पोट्ट्यायले? रस्त्यावर पडलेल्या माणसाची. दोघं जण पाहून निंगून गेले, तिसऱ्यानं उचललं. माह्या पोरानं घरी येऊन मले सांगतली होती. थेच केलं त्यानं, मास्तर. दुसरं काय केलं?”

तिनं पदर डोक्यावर ओढला आणि उन्हात चालू लागली. मी तिला गाडीवर सोडतो म्हणालो, तर नको म्हणाली.

३

रविवारपर्यंत कुजबूज सुरू झाली. पिकअपखाली माणूस असा चिरडत नाही, काहीतरी जड गेलंय, असं दवाखान्यातलं कोणीतरी बोललं म्हणे. बोट आमच्या वस्तीकडे वळायला लागलं होतं. उपासना संपल्यावर बाप उठून उभा राहिला. त्याचा आवाज चांगला आहे. माणूस काय बोलतोय हे कळायच्या आधीच पटतं.

त्यानं सांगितलं, जुन्या करारात याला नियम आहे. रानात कोणी मारलेला माणूस सापडला आणि मारणारा कोण ते ठाऊक नसलं, तर वडिलांनी प्रेतापासून चारी बाजूच्या गावांचं अंतर मोजायचं. जे गाव जवळचं, त्या गावच्या वडिलांनी जुवाखाली न गेलेली कालवड ओढ्यावर न्यायची, तिची मान मोडायची, तिच्यावर हात धुवायचे आणि बोलायचं: हे रक्त आमच्या हातांनी सांडलं नाही, आमच्या डोळ्यांनी पाहिलं नाही.

मला तो नियम आवडला. चर्चमधलं काही मला आवडलं असं क्वचितच झालंय. कोणी केलं माहीत नसलं तरी जवळच्या गावाला ‘आमचं काय त्यात’ म्हणता येत नाही. टेप लावा, मोजा, जवळचे निघालात तर पुढे या. आमच्या कॉलेजात, गावात, सरकारात, कुठेच असा नियम नव्हता.

भगवंतराव पुढच्याच बाकावर होते. पंचांतले दोन नंबरचे. चर्चच्या कमिटीचा पाण्याचा टँकर ओढतो तो ट्रॅक्टर त्यांचा. ते म्हणाले, “मास्तर, कालवडीचं नाव काढू नका बरं. तिची मान मोडाच्या आंधी गाव आपली मोडंन.”

लोक हसले. बापही हसला.

“कालवड राहू द्या. हात धुण्यापुरतं करू.”

नाल्यात पाणी नव्हतं, म्हणून चर्चमध्येच परात मांडली. चारही पंच पुढे आले. मी तांब्यानं पाणी ओतलं, त्यांनी हात धुतले, बापानं वाक्य सांगितलं आणि बाकीच्यांनी त्याच्यामागे म्हटलं. चौघांनी एकाच टॉवेलला हात पुसले. मागं कोणीतरी बाई रडत होती. सगळ्यांना बरं वाटलं, हे मला त्यांच्या चालण्यावरून दिसलं.

टँकर येईपर्यंत पाणी फेकायचं नाही हा आमच्याकडचा शिरस्ता. परातीतलं पाणी उद्या कूलरला होईल म्हणून ती मी टेबलाखाली सरकवली. टॉवेल नेऊन तारेवर टाकला.

४

संध्याकाळी टॉवेल काढायला गेलो तर ओला.

मला वाटलं, पिळायचा राहिला. पिळला. पाणी निघालं. पुन्हा टाकला.

सोमवारी दुपारी शेजारच्या तारेवरच्या गोधड्या वाळून गेल्या होत्या आणि टॉवेल ओला होता. ठिबकत नव्हता, नुकताच कोणी हात पुसल्यासारखा ओला. मी इंजिनिअरिंग सोडलं असेल, पण बाष्पीभवन सोडलेलं नाही. कापडात काहीतरी तेलकट असेल, कोणाच्या हाताला क्रीम असेल, असं म्हणत मी तो साबण लावून धुतला. मंगळवारी तो ओला होता. मग मी तो उन्हात तापलेल्या पत्र्यावर पसरला, जिथं हात टेकवला तर फोड येतो. पत्र्याला चिकटून तो गार पडून राहिला.

त्या दुपारी कूलर भरायला चर्चचं कुलूप उघडत होतो. आतून आवाज आला. पाणी पिण्याचा. कुत्रं पितं तसा चटचट नाही. लांब, संथ, ओढून घेतल्यासारखा, मधेच श्वास सोडत. तहानलेलं जनावर पितं तसा.

मी दार ढकललं. आवाज थांबला.

बाकं, टेबल, भिंतीवरचं घड्याळ. खिडक्या बंद होत्या. टेबलाखाली परात होती आणि तिच्यातलं पाणी हलत होतं. मी ओतलं होतं तेवढंच होतं. दोन दिवस झाले, मे महिना, वर पत्रा, आणि कड जिथं होती तिथंच.

दारामुळे हललं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. मग कूलर न भरताच बाहेर आलो आणि टँकर कुठवर आला ते पाहायला चर्चच्या आवारातल्या टँकरच्या शेडकडे गेलो. खरं तर मला माणसांच्या आवाजात जायचं होतं.

५

शेडमध्ये कोणी नव्हतं. रिकामा टँकर उभा होता, धुळीनं पांढरा. फक्त मागचं उजवं चाक काळं कुळकुळीत होतं. खाचांमधली मातीसुद्धा काढलेली.

आमच्या वस्तीत तेव्हा लोक एका बादलीत अंग धुऊन त्याच पाण्यात कपडे भिजवत होते. आणि टँकरचं एक चाक कोणीतरी घासून धुतलं होतं.

बाप घरी पेपर वाचत बसला होता. वाचत होता म्हणजे एकाच पानावर होता. बोटं कोपऱ्यावरून सरकत होती, पान उचललं जात नव्हतं.

“बाबा, टँकरचं चाक कोणी धुतलं?”

“कोणतं चाक?”

“एकच धुतलंय. तुमालेच माहीत कोणतं.”

त्यानं पेपर खाली ठेवला. मग जे बोलला ते शाळेच्या मराठीत नाही, घरच्या बोलीत बोलला.

“फाटकातून आत उलटा घेत होतो. थो आतच, भिंतीच्या सावलीत निजला होता. भगवंता मागं उभा होता. येऊ दे, येऊ दे म्हणत होता. मंग त्याले फोन आला. फोनवर बोलून राहिला अन् हातानं बोलवून राहिला. म्या येऊ देलं.”

“अन् मंग?”

“मंग बस्स म्हणलंच नाई कोणी.”

“बाहेर झाडाखाली कोणी नेऊन ठेवलं त्याले?”

“सगळ्यायनं. चारी पंचायनं.”

“जिता होता?”

बाप पुन्हा पेपर उचलायला गेला.

“बाबा, जिता होता का?”

“हालत होता.”

मी काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. खाली भांडं होतं ते मी भिंतीवर फेकलं एवढं आठवतं. तौहीद तुमचा विद्यार्थी आहे म्हणालो, आत्ताच्या आत्ता चला म्हणालो. बाप म्हणाला, तौहीद सुटंन, पुरावा नाई त्याच्यावर. म्हणाला, चर्चचं नाव जाईन, इतक्या वर्षांचं. मी म्हणालो, चर्चचं का तुमचं?

“तुनं तं हाती घेतलेलं कॉलेजही पुरं केलं नाई. तू मले शिकवतं?”

आमच्याकडच्या म्हाताऱ्यांचा हा शेवटचा हुकमाचा पत्ता. खरं कोण बोलतंय हे पाहायचंच नाही, त्याची मार्कशीट पाहायची.

“म्या हात धुतले, प्रीतम,” तो मग हळू म्हणाला. “देवासमोर धुतले. तुनंच पाणी टाकलं.”

६

त्यानंतर मी त्याच्याशी बोलणं टाकलं. भाकरी समोर ठेवायची आणि बाहेर निघून जायचं. अनवरी चाचीच्या गल्लीच्या तोंडापर्यंत दोनदा गेलो आणि परत आलो. बाप स्वतः जाईल, गेला पाहिजे, असा माझा हट्ट होता. आज वाटतं, त्या दिवसांत त्याच्याजवळ बसायला पाहिजे होतं. शिव्या देत का होईना, बसायला पाहिजे होतं.

त्याच्या हातून वस्तू पडायला लागल्या. कप, चष्मा, किल्ल्या. बँकेत पेन्शनसाठी अंगठा लावायला गेला तर मशीननं घेतला नाही. म्हाताऱ्यांचं असं होतं, रेषा झिजतात, असं तिथली मुलगी म्हणाली. मीही तेच म्हणालो. पण भाकरी देताना एकदा त्याचा तळवा दिसला. सुरकुत्या नव्हत्या. नशिबाची रेघ, आयुष्याची रेघ, काही नव्हतं. नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत, लालसर, आणि ओला.

त्या दुपारी लाइट गेली होती. कूलर बंद, म्हणून घर इतकं शांत की कौलावर चिमणी चालली तरी कळावं. मी ओसरीत पडलो होतो. बाप आत बाजेवर झोपला होता.

खर्र. थांबून पुन्हा, खर्र.

लाकडावर पॉलिशपेपर घासावा तसा आवाज. सुतार कुठंतरी काम करतोय, असं मी ठरवलं. पण आवाज आतून येत होता, आणि त्याच्याबरोबर वास. हिरव्या गवताचा आणि दुधाचा. मे महिन्यात, जिथं म्हशीसुद्धा वाळला कडबा खातात, तिथं हिरव्या गवताचा वास.

मी उठून दाराशी गेलो. बाप कुशीवर होता, एक हात बाजेखाली लोंबत होता. हात हलत होता. तो हलवत नव्हता. हात हलवला जात होता. मनगट वर जायचं, बोटं एकेक करून उलगडायची, आणि खर्र. हात पाण्यानं चकाकत होता.

बाप झोपेत बोलत होता. चेहऱ्यावर बाळाला असतं तसं सुख.

“येऊ दे,” म्हणत होता. “येऊ दे… येऊ दे…”

बाजेखाली अंधारात काहीतरी तांबूस होतं. पोतं असावं. पोत्याचा वरचा भाग एका बाजूला लोंबला होता, जितका लोंबायला नको तितका, आणि त्या लोंबलेल्या भागात, खालून वर पाहणारा, ओला, मोठा, पापण्यांचा—

“बस्स!” मी ओरडलो.

बाप दचकून उठला. बाजेखाली काही नव्हतं. फरशी ओली होती. आमच्या घरात पोतं नाही.

त्यानं हात उचलून पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. बऱ्याच दिवसांनी सरळ डोळ्यांत पाहिलं.

“चाल,” म्हणाला. “अकोल्याले जाऊ.”

७

ठाण्यात साहेबांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं. बापानं ग्लास दोन्ही हातांनी धरला तरी निसटला. सगळ्यांनी पाय वर घेतले.

“या, मास्तर. तुमच्या भगवंतरावांचा फोन येऊन गेला आत्ताच. मास्तरांची तब्येत ठीक नाही म्हणत होते. काहीही बोलतात म्हणे.”

“मी ठीक हाय. लिहून घ्या.”

बाप बोलला. गुरुवार, फाटक, टँकर, भगवंतराव, फोन. मी पाहत होतो. न अडखळता बोलला. हवालदारानं लिहिलं आणि कागद पुढे केला. बापानं पेन घेतलं. पेन बोटांतून गेलं. पुन्हा घेतलं, पुन्हा गेलं. मी त्याच्या मुठीवर माझी मूठ धरली तर साहेब म्हणाले, तुम्ही नाही, त्यांना करू द्या. मग शाईचं पॅड आलं.

अंगठा कागदावर टेकला आणि उचलला. निळा गोल डाग. रेघ नाही, वळण नाही. पाण्याचा थेंब सांडावा तसा डाग. दुसरा अंगठा, तसाच. दहाही बोटं झाली. अंगठ्यावरची शाई ओघळून गेली आणि तळवा पुन्हा लालसर, स्वच्छ.

हवालदार हसला. “काका, पेन्शनच्या मशीनवर तरी लागते का?”

“नाई लागत.”

“मंग तुमी हायच हेच साबित होत नाई. तुमचा गुन्हा कुठून साबित करू?”

साहेब हसले नाहीत. त्यांनी कागद ओढून घेतला आणि जरा मऊ आवाजात विचारलं, “मास्तर, तुम्ही स्वतः काय पाहिलं? ऐकीव नको. डोळ्यांनी काय पाहिलं?”

बापानं तोंड उघडलं. त्या ओल्या हातांनी डोळे पुसले. पुन्हा पुसले. डोळ्यांतून पाणी चाललं होतं, रडण्याचं नव्हे, नुसतं पाणी.

“पाह्यलं होतं,” तो म्हणाला. “होतं, प्रीतम. तुले सांगतलं ना म्या? सांग ना ह्यायले.” मग माझ्या उजवीकडच्या भिंतीकडे तोंड करून म्हणाला, “तू कुठं बसला?”

तेव्हा मला कळलं. देवानं त्याचं ऐकलं नाही असं नव्हतं. ऐकलं होतं. हातांनी सांडलं नाही, डोळ्यांनी पाहिलं नाही: मागितलं तसं, अक्षरशः. आणि कालवड आम्ही आणली नव्हती, म्हणून ती आपली आपण आली होती.

८

मी माझा जबाब दिला. ऐकीव म्हणून त्याची किंमत किती ते वकिलानं सांगितलं. अनवरी चाचीकडे गेलो, सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि आतून पाणी आणून दिलं. मला ते पिता येईना. “पी ले बेटा,” ती म्हणाली. “पानी का क्या कसूर?”

तौहीदला जामीन मिळाला. केस चालू आहे. त्याची पिकअप ठाण्याच्या आवारात टायर बसून उभी आहे. टरबुजं तिच्यातच सडली. रस्त्यात भेटलो तर तो थांबतो, बाबा कसे आहेत विचारतो. नसतं विचारलं तर बरं झालं असतं.

आता भगवंतराव मुख्य पंच आहेत. उन्हाळ्यातही हाताला दुपट्टा गुंडाळून फिरतात. दुपारी म्हणे लेकरासारखे झोपतात. परात मी नाल्यात उपडी केली, टॉवेल जाळायला घेतला तर तो पेटला नाही. चर्चमागच्या तारेवर अजून आहे. पोरं खेळून येतात आणि त्याला हात पुसतात. मी ओरडतो, कोणी ऐकत नाही.

बाबाला मी भरवतो. तो तोंड उघडून वाट पाहतो. दुपारी तो झोपला की त्याचे हात चादरीखाली घेऊन मी बाजेशी बसतो, आणि त्याच्या ओठांवर शब्द येताना दिसला की बस्स म्हणतो.

डॉक्टरांना हातांत आणि डोळ्यांत काही दोष सापडला नाही.

माझ्या बापाचे हात गेले आणि डोळे गेले. गुन्हा त्याच्या नावावर लागला नाही.